एक नागरिक, दोन कर्तव्ये

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे फेरफटका मारला, तर सैन्यभरतीच्या तयारीसाठी धावणारे तरुण हमखास दिसतात. त्यांतील काहींची निवड होते. बाकीचे वयोमर्यादा ओलांडल्यावर शेती, शिक्षकी पेशा, दुकान किंवा कार्यालयातील नोकरी यांकडे वळतात आणि सैनिकी गणवेशाचा विचार कायमचा बाजूला ठेवतात. पोटाचा उद्योग आणि सैनिकी सेवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, याची माहिती फारच थोड्यांना असते. ही संधी देणारे दल म्हणजे प्रादेशिक सेना होय. या सेनेचे स्वरूप काय, तीत जाणाऱ्याला कोणते संरक्षण आहे आणि त्याच्या कार्यालयाची जबाबदारी कोणती, याचा परिचय येथे करून देण्याचा हेतू आहे.

स्थापना आणि कार्य

मराठवाड्याच्या दृष्टीने १९४८ चा सप्टेंबर महिना चिरस्मरणीय आहे. १७ सप्टेंबर रोजी हा प्रदेश निजामी राजवटीतून मुक्त झाला. योगायोग असा, की प्रादेशिक सेनेचा कायदाही त्याच महिन्यात अस्तित्वात आला. पुढे ९ ऑक्टोबर १९४९ रोजी भारताचे तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे औपचारिक उद्घाटन झाले आणि तेव्हापासून ९ ऑक्टोबर हा प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो.

नियमित सैन्याला स्थिर स्वरूपाच्या कामांतून मोकळे करणे, नैसर्गिक आपत्तीत मुलकी प्रशासनास साहाय्य करणे, अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे आणि गरज पडल्यास नियमित सैन्याला तुकड्या पुरविणे ही या सेनेची प्रमुख कार्ये आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्यांनी भाग घेतला. महाराष्ट्रात पुणे आणि कोल्हापूर येथे मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न अशा तिच्या बटालियन आहेत. हे दल केवळ संचलनापुरते नाही, याचा प्रत्यय मे २०२५ मध्ये पुन्हा आला. त्या वेळी केंद्र शासनाने आदेश काढून प्रादेशिक सेनेतील अधिकारी व जवानांना सेवेस बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. तिच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन विविध कमांडच्या क्षेत्रांत तैनात करण्याची तरतूद त्या आदेशात होती. अशी हाक आली, की शिक्षकाला वर्ग, व्यापाऱ्याला दुकान आणि लिपिकाला टेबल सोडून जावे लागते.

कसोटी पाहणारा पेशा

अशी दुहेरी जबाबदारी किती अवघड होऊ शकते, हे समजून घ्यायचे तर प्रवासी विमानाच्या वैमानिकाचे उदाहरण घ्यावे. विमानसेवा आता आपल्यालाही परकी राहिलेली नाही. लातूरची धावपट्टी १९९१ मध्ये झाली. ‘उडान’ योजनेतील आरंभीच्या विमानफेऱ्यांपैकी एक २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद मार्गावर सुरू झाली.

देशरक्षणाच्या कामी नागरी वैमानिकांचा उपयोग होतो, हे भारताने स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांत अनुभवले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या बचावासाठी दिल्लीहून शीख रेजिमेंटची पहिली बटालियन विमानांनी नेण्यात आली. त्या कामी हवाई दलाच्या डाकोटा विमानांबरोबर खासगी विमान कंपन्यांची डाकोटा विमाने आणि त्यांचे वैमानिकही होते. पुढे १९५२ मध्ये राखीव व साहाय्यक हवाई दलांचा कायदा झाला. त्यानुसार मुंबई, दिल्ली आदी ठिकाणी साहाय्यक हवाई दलाच्या स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. नागरी व्यवसाय करणारी माणसे तेथे फावल्या वेळात लष्करी उड्डाणाचे शिक्षण घेत. ही व्यवस्था पुढे टिकली नाही. अमेरिकेत मात्र प्रवासी विमाने चालविणारे अनेक वैमानिक महिन्यातील काही दिवस राखीव हवाई दलात काम करतात.

वैमानिकापुढील अडचण दुहेरी असते. पहिली अडचण कौशल्याची. मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली नसतील, तर वैमानिकाला प्रवासी घेऊन जाता येत नाही. आधी सराव पुरा करून द्यावा लागतो. म्हणजे दोन महिन्यांच्या सैनिकी शिबिरानंतर तो फारसा अडथळा न येता कामावर परतू शकतो, परंतु मुक्काम सहा महिन्यांवर गेला तर त्याला नव्याने तपासणी देणे भाग पडते. दुसरी अडचण विश्रांतीची. भारतात वैमानिकाने ३६५ दिवसांत १,००० तासांहून अधिक उड्डाण करू नये, असे बंधन आहे. शिबिरातून रात्री परतलेल्या माणसाला दुसऱ्या पहाटेच्या विमानावर पाठविणे हे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे ठरेल. म्हणून दोन्हीकडील वेळापत्रके आधीच जुळवावी लागतात आणि हे काम एकटा वैमानिक करू शकत नाही.

वैमानिकाच्या पेशात सेवाज्येष्ठतेलाही मोठे महत्त्व असते. कोणते विमान, कोणते ठाणे, कोणती रजा हे बहुतांशी तिच्यावरच ठरते. यासाठी अमेरिकेत १९९४ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. सैनिकी सेवेसाठी साधारणपणे एकूण पाच वर्षांपर्यंत गैरहजर राहिलेल्या कर्मचाऱ्यास, तो कामावरच होता असे मानून, त्याच्या ज्येष्ठतेसह परत घेण्याचे बंधन त्या कायद्याने मालकावर घातले आहे.

आपला कायदा काय सांगतो?

हेच तत्त्व आपल्या प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७-अ मध्ये आहे. प्रादेशिक सेनेच्या सेवेस बोलावलेल्या कर्मचाऱ्याला आवश्यक ती रजा देणे आणि सेवा संपताच त्याला कामावर परत घेणे हे प्रत्येक मालकाचे कर्तव्य आहे. परत घेताना, सेवेत खंड पडला नसता तर ज्या अटी लागू झाल्या असत्या, त्यांहून कमी लाभाच्या अटी लादता येत नाहीत. मालकाने नकार दिल्यास वा अडचण सांगितल्यास प्रकरण विहित प्राधिकाऱ्याकडे नेता येते. तो प्राधिकारी कामावर घेण्याचा किंवा सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतो. भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्कही कायद्याने सुरक्षित ठेवले आहेत.

न्यायालयांनीही या सेवेचा दर्जा स्पष्ट केला आहे. या सेनेचे दार स्त्रियांनाही खुले आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये दिला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या प्रादेशिक सेनेच्या एका जवानाला अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केला.

एक गैरसमज

तरुणांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. प्रादेशिक सेना हा नोकरीला पर्याय नाही. अधिकारी होण्यासाठी १८ ते ४२ वर्षे वय आणि पदवी यांबरोबरच स्वतःचे उत्पन्नाचे साधन असणे ही अट आहे. पायदळाच्या तुकडीत सर्वसाधारणपणे वर्षाचे दोन महिने प्रशिक्षणास द्यावे लागतात. नव्या अधिकाऱ्याला सुरुवातीस त्याहूनही अधिक काळ द्यावा लागतो. सेवेस बोलावलेले असते त्या काळातच नियमित सैन्याप्रमाणे वेतन मिळते. जवानाची प्रत्यक्ष सेवा १५ वर्षे आणि अधिकाऱ्याची २० वर्षे भरल्याखेरीज सेवानिवृत्तिवेतन लागू होत नाही. कायम नोकरी समजून हातचा रोजगार सोडणारा तरुण दोन्हीकडून नुकसानीत येईल.

मराठवाड्याशी संबंध

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप लातूरकर विसरू शकत नाहीत. ढिगारे उपसण्यासाठी तेव्हा सैन्य धावून आले. अशा प्रसंगी गावातच शिस्त, प्रथमोपचार आणि संदेशवहन जाणणारा एक प्रशिक्षित माणूस असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. प्रादेशिक सेनेतील नागरिक उरलेले दहा महिने आपल्या गावातच राहतो, हा तिचा विशेष लाभ होय.

या सेनेचे आणखी एक अंग मराठवाड्यात काम करीत आहे. उजाड डोंगर पुन्हा हिरवे करण्यासाठी १९८२ मध्ये डेहराडूनजवळ पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली. त्याच धर्तीवर राज्य शासनाच्या पुढाकाराने २०१७ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी पर्यावरण बटालियन स्थापन झाली. निवृत्त सैनिकांनी वृक्षलागवड आणि तिचे संगोपन करावे, अशी ही योजना आहे.

आपण काय करावे?

शासकीय कर्मचाऱ्याला प्रादेशिक सेनेत जाण्यासाठी आपल्या विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. तो अर्ज हाती आला, की ‘माणूस कमी होतो’ एवढ्यावर तो बाजूला ठेवू नये. मुख्याध्यापकांनी शिबिराच्या तारखा कळताच तासिकांची पर्यायी व्यवस्था लावावी, म्हणजे विद्यार्थ्यांचेही नुकसान होणार नाही आणि सहकाऱ्यांवर अचानक भार पडून कुरबुरही होणार नाही. कार्यालयप्रमुखांनी बोलावण्याच्या आदेशाची प्रत सेवापुस्तकास जोडावी. पुढे ज्येष्ठता आणि वेतनवाढ ठरविताना तीच उपयोगी पडते. सरपंच आणि पंचायत सदस्यांनी इच्छुक तरुणांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट दाखवावी. गावातील कोणी ऐन मृगात सेवेस गेला, तर त्याच्या घरची पेरणी अडून राहणार नाही, हेही पाहावे.

सैनिक सीमेवर जातो, तेव्हा त्याची नोकरी मागे राहिलेल्या माणसांच्या हाती असते. ती परत आल्यावर जशीच्या तशी मिळेल, याची खात्री कायद्याने दिलेली आहे. ती खात्री प्रत्यक्षात उतरविणे हे शाळा, कार्यालय आणि पंचायत यांचे काम आहे.