ग्रहणातलं कॅल्शिअम

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर आली आणि सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे गेली. त्या दिवशी विजयदुर्गच्या किल्ल्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता, तर सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी नायगमवाला दुर्बिणी मांडून बसले होते. नकाशावर हे दोन तळ रेषेने जोडले, तर ती सातारा-सांगलीच्या मुलखातून जाते. (हेलियमची रेषा लॉकियरनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून पाहिली, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही; तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते.) आवर्त सारणीतले आयनीकरण ऊर्जेचे (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे) आकडे परीक्षेपुरते पाठ केले जातात. प्रत्यक्षात अशा ग्रहणांत टिपलेले वर्णपट त्या आकड्यांशिवाय वाचताच येत नाहीत.

सूर्यबिंब पूर्ण झाकलं जाताना कडेला वर्णगोलाची, म्हणजे सूर्यपृष्ठावरच्या विरळ वायूच्या थराची, पातळ कोर क्षणभर दिसते. तिच्या वर्णपटात कॅल्शिअमच्या दोन जांभळ्या रेषा सर्वांत उंच, सुमारे १४ हजार किलोमीटरपर्यंत पोहोचतात. त्याच कॅल्शिअमची दुसरी, निळसर रेषा मात्र बरीच खाली थांबते. प्रयोगशाळेत त्या दोन रेषा विजेच्या ठिणगीत ठळक होतात, म्हणून लॉकियर यांनी त्या अतिउष्णतेची खूण मानल्या. पण सूर्यपृष्ठापासून वर जावं तशी उष्णता वाढेल कशी, असा प्रश्न तेव्हा होता. उत्तर १९२० मध्ये भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी दिलं. जांभळ्या रेषा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शिअमच्या आहेत, आणि तो सुटायला जास्त उष्णता लागत नाही, कमी दाब पुरतो. यावर शंका येते ती अशी: कॅल्शिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ६.११ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि सूर्यपृष्ठाच्या ५,८०० केल्व्हिनला एका कणाच्या वाट्याला सरासरी एकाहूनही कमी येतात. पण सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जेचे थोडे कण आणि किरण तिथे असतातच. विरळ वायूत सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा पकडणारा आयन सहज भेटत नाही, त्यामुळे तुटलेले अणू तुटलेलेच राहतात.

म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याचा आकडा निर्णायक ठरतो. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रातला धनभार वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसतो. पकड घट्ट होते आणि सोडिअमचे ५.१४ आरगॉनपाशी १५.७६ होतात. गणात खाली उतरलं की बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो: लिथिअम ५.३९, सिझिअम ३.८९. या नियमाला अपवाद आहेत आणि ते दडवण्याचं कारण नाही. नायट्रोजनचे १४.५३, त्याच्या पुढच्या ऑक्सिजनचे मात्र १३.६२. नायट्रोजनचे शेवटचे तीन इलेक्ट्रॉन तीन वेगळ्या कक्षकांत एकेकटे असतात. ऑक्सिजनच्या चौथ्याला जोडी करावी लागते आणि इलेक्ट्रॉनांचं आपसांतलं अपकर्षण त्याची सुटका सोपी करतं. केंद्राचं आकर्षण आणि इलेक्ट्रॉनांचं अपकर्षण याच दोन गोष्टींनी नियम घडतो, अपवादही त्यांनीच.

याहून अवघड आक्षेप सोडिअमचा. त्याची आयनीकरण ऊर्जा कॅल्शिअमहून कमी, मग आयनीभूत सोडिअमच्या रेषा का दिसत नाहीत? कारण इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडिअमची रचना निऑनसारखी बंदिस्त होते. दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४७.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि अशा आयनाच्या मुख्य रेषा दूरच्या अतिनील भागात पडतात, जिथला प्रकाश आपलं वातावरण अडवतं. कॅल्शिअमच्या आयनाजवळ बाहेरचा एक इलेक्ट्रॉन उरतो, त्याच्याच त्या जांभळ्या रेषा. तेव्हा वर्णपटात रेषा नाही म्हणून मूलद्रव्यच नाही, असं म्हणता येत नाही. रुबिडिअम सूर्यप्रकाशात सापडत नव्हतं. त्याचा आकडा ४.१८, म्हणून त्याचे जवळजवळ सगळे अणू आयनीभूत झालेले आणि नजरेआड गेलेले असणार, असं साहांनी मांडलं. मग ते सूर्यावरच्या तुलनेने थंड डागांत शोधायला हवं होतं. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी डागांचा वर्णपट तपासला, तेव्हा रुबिडिअमच्या रेषा तिथे सापडल्या.