मेजवानी आणि वजनाचा काटा

इटलीतील पादुआ येथे वैद्यक शिकविणारा सँटोरिओ हा विलक्षण चिकाटीचा वैद्य होता. मोठ्या तराजूच्या दांडीला त्याने एक खुर्ची टांगली होती आणि तीत बसून तो स्वतःचे वजन वारंवार करीत असे. जेवणापूर्वीचे वजन, जेवणानंतरचे वजन, खाल्लेल्या अन्नाचे वजन, इतकेच काय, मलमूत्राचेही वजन, अशी ही नोंद कित्येक वर्षे चालली होती. दिवसाकाठी आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यांपैकी सुमारे पाच पौंड श्वासावाटे व त्वचेवाटे, डोळ्यांना न दिसता, निघून जाते, असे त्याने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले. शरीराचे वजन ही स्थिर वस्तू नसून ते तासातासाला खालीवर होत असते, हे त्याच्या तराजूने दाखवून दिले.

आज घरोघरी वजनाचा काटा आला आहे. सँटोरिओचे हे निरीक्षण मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. उष्मांक मोजून बेताने जेवणाऱ्या एखाद्या गृहस्थाचे उदाहरण घेऊ. तीन आठवडे त्याने पथ्य नेमाने सांभाळले. मग नात्यातील लग्नात तो पंगतीला बसला. जिलेबीचा आग्रह त्याला मोडवेना, आणि शरीराच्या दिवसभराच्या गरजेपेक्षा दीड हजार उष्मांक त्याच्या पोटात अधिक गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहतो, तो वजन १,४०० ग्रॅमने वाढलेले! तीन आठवड्यांचे कष्ट एका पंगतीत बुडाले असे वाटून असा मनुष्य एक तर दोन दिवस उपाशी राहतो, नाही तर पथ्यच सोडून देतो. दोहोंच्या मुळाशी हिशोबाची एकच चूक आहे.

आहारशास्त्रातील उष्मांक म्हणजे एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता. अमेरिकेत मिडलटाउन येथे ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात माणूस आत राहू शकेल एवढी उष्णतामापक खोली उभारली. आत बसलेल्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता आणि त्याच्या शरीरात ज्वलन पावलेल्या अन्नाची उष्णता यांचा मेळ त्याने घालून दाखविला. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या दर ग्रॅममागे चार, आणि स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅममागे नऊ उष्मांक, हे आज सर्वत्र वापरले जाणारे ठोकताळे त्याच्याच नावाने ओळखले जातात.

शरीरातील एक किलोग्रॅम मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. तेव्हा पंगतीतले दीड हजार उष्मांक सगळेच्या सगळे मेदात गेले असे धरले, तरी वाढ होईल ती सुमारे १९५ ग्रॅमची. मग काट्याने दाखविलेले १,४०० ग्रॅम आले कोठून?

पहिला वाटा पाण्याचा, आणि तोही दोन मार्गांनी आलेला. पिष्टमय अन्नापासून झालेली साखर यकृत व स्नायू ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात. हे कोठार जेमतेम पाचशे ग्रॅमचे; आणि पथ्यावर असलेल्या माणसाचे ते बरेचसे रिकामे झालेले असते. पंगतीनंतर ते भरू लागते. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो, म्हणून १५० ग्रॅम ग्लायकोजेन साठले की काट्यावर ६०० ग्रॅम चढतात. दुसरा मार्ग मिठाचा. रक्त व पेशींभोवतालचे द्रव यांतील क्षाराचे प्रमाण शरीर कटाक्षाने सांभाळते. सुमारे नऊ ग्रॅम जादा मीठ अंगात राहिले, तर त्याच्या जोडीने एक लिटर पाणी राहते. लोणचे, पापड, भजी, मठ्ठा यांतून गेलेले चार ग्रॅम जादा मीठ मूत्रपिंडांनी बाहेर टाकीपर्यंत चारशे-साडेचारशे ग्रॅमची भर सहज पडते. शिवाय आतड्यांतून अद्याप पुढे न सरकलेले अन्न आहेच. ते तीनशे ग्रॅम धरू.

ग्लायकोजेनमध्ये सहाशे उष्मांक गेले. उरलेले नऊशे मेदात गेले असे मानल्यास त्यांचे वजन ११७ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने दहा तोळे! एकूण १,४०० ग्रॅमांपैकी खरी चरबी एवढीच, आणि अन्न पचविण्यात खर्च होणारी उष्णता वजा केली तर तीही नाही. पाणी व अन्नाचा भार पथ्य पुन्हा सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरतो. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका जेवणातील जादा पिष्टाचे शरीर सहसा फारसे मेदात रूपांतर करीत नाही. ते पिष्ट अगोदर जाळले जाते आणि त्याच अन्नातले तूप-तेल मात्र न जळता मेदपेशींत जाऊन बसते. जिलेबी साखरेमुळे चरबी वाढविते असे समजणाऱ्याने ती कशात तळली आहे हेही पाहावे.

परंतु दहा तोळे म्हणजे शून्य नव्हे. समजा, हा गृहस्थ आठवड्यातील सहा दिवस गरजेपेक्षा पाचशे उष्मांक कमी खातो आणि सातव्या दिवशी पंगतीला बसतो. सहा दिवसांची तूट ३,००० आणि एका दिवसाची भर १,५००. आठवड्याची निव्वळ तूट १,५०० उरते. प्रगती निम्म्यावर आली, पण बुडाली नाही. मात्र पंगती आठवड्यातून दोन झाल्या, की तूट २,५०० आणि भर ३,०००! पाच दिवस उपास काढूनही वजन वाढीकडे झुकते, आणि 'मी तर क्वचितच जास्त खातो' असे तो प्रामाणिकपणे सांगत राहतो.

हे गणित सर्वांच्या शरीरात सारखेच उतरत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्थूल नसलेल्या १६ व्यक्तींना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० उष्मांक अधिक दिले. कोणाची चरबी अवघी ०.३६ किलोग्रॅम वाढली, तर कोणाची ४.२३. ज्यांची थोडी वाढली, त्यांच्या उठण्याबसण्यातील, चुळबुळीतील, उभे राहण्यातील शक्तिव्यय नकळत वाढला होता. असे शरीर लाभणे हा नशिबाचा भाग. त्याच्या भरवशावर पंगती उठविता येत नाहीत.

आणि सणावारांचा काळ? अमेरिकेतच १९५ प्रौढांची वजने नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पूर्वार्धापर्यंतच्या सणांच्या दिवसांत घेऊन एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. आपले वजन बरेच वाढले असावे असा त्या लोकांचा समज होता. काट्यावर सरासरी वाढ भरली ०.३७ किलोग्रॅम. तो समज अतिशयोक्तीचा ठरला खरा. पण पुढे वसंत आला, उन्हाळा आला, आणि ते पाऊणशे तोळ्यांच्या निम्म्याहूनही कमी असलेले वजन बहुतेकांच्या अंगावर तसेच राहिले होते.