घोडा ठणठणीत, ट्रेलर आंधळा: वायरिंगचा फॉल्ट शोधायचा कसा?

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना जे 'अं... अं...' केलं, तेवढं गाळलंय.

आज विषय घोड्याचा. शर्यतीचा घोडा नाही हं. कंटेनरचा किंवा स्टील कॉइलचा ट्रेलर बघितलाय ना? त्यातला पुढचा इंजिन-केबिनचा भाग म्हणजे घोडा. ड्रायव्हर लोक 'हॉर्स' पण म्हणतात. मागचा लांबलचक भाग म्हणजे ट्रेलर. मी बोईसरला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो आणि पावसाळा सुरू झाला की रोज एकच तक्रार ऐकतो: "दादा, घोड्याच्या सगळ्या लाईटी चालू आहेत, मागे ट्रेलरला काहीच नाही."

तुम्ही ट्रेलर चालवत नाही, मग तुम्हाला काय त्याचं? तारापूर एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा तुमच्यातले किती जण बाईकवर घरी निघतात? बोईसर-चिल्हार रस्त्यावर तुमच्या पुढे ट्रेलर असतो, पाऊस असतो, हेल्मेटच्या काचेवर पाणी असतं. त्याने ब्रेक मारला हे तुम्हाला कळायला दोन लाल दिवे एवढीच सोय आहे. ते पेटले नाहीत तर तुम्हाला समोर फक्त काळोख दिसतो, आणि त्या काळोखात तीस-चाळीस टन लोखंड उभं असतं. त्यात वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झालंय. बंदर उभं राहील तसे ट्रेलर वाढणारच.

तर मूळ अडचण अशी, की ही दोन वेगळी वाहनं आहेत. आज हा घोडा या ट्रेलरला, उद्या दुसऱ्या. दोघांच्या मध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली केबल आणि सात पिनचं सॉकेट. रोज लावा-काढा, धूळ, पाणी. त्यात आपली हवा समुद्राकडची, खारट. तांब्यावर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही.

२४ व्होल्टच्या या सात पिनांचा क्रम ठरलेला असतो. १ नंबर अर्थ, २ डावी टेल लाईट, ३ डावा इंडिकेटर, ४ ब्रेक लाईट, ५ उजवा इंडिकेटर, ६ उजवी टेल लाईट. ७ नंबर जादा कामासाठी, कोणी रिव्हर्सला वापरतं, कोणी वापरतच नाही. वायरींचे रंगही ठरलेले आहेत: पांढरा, काळा, पिवळा, लाल, हिरवा, तपकिरी, निळा. पण रंगावर अजिबात विसंबू नका. रस्त्यात रिपेअर झालेल्या ट्रेलरमध्ये हाताला लागेल ती वायर जोडलेली असते. नंबर सॉकेटवरच बारीक कोरलेले असतात, ते बघा.

सुरुवात कुठून करायची? गाडीखाली झोपून नाही. आधी ठरवायचं, फॉल्ट घोड्यात आहे की ट्रेलरमध्ये. केबल काढा आणि घोड्याच्या सॉकेटवर १ नंबर आणि एकेक पिन यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा. टेस्ट लॅम्प म्हणजे २४ व्होल्ट २१ वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि क्लिपा. क्लीनरला केबिनमध्ये बसवा, तो एकेक स्विच दाबेल. सगळ्या पिनांवर बल्ब लख्ख पेटला तर घोडा सुटला, गुन्हेगार केबलमध्ये किंवा ट्रेलरमध्ये. केबल हातात आहेच, तर दुसरी लावून बघा. पाच मिनिटांत अर्धं काम होतं.

आता कोणी विचारेल, मीटर असताना बल्ब कशाला? कारण मीटर फसवतो. वायरीच्या आत तारा कुजून जेमतेम संपर्क उरला असला तरी मीटर २४ व्होल्टच दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब मात्र पाऊण-एक अँपिअर ओढतो. अशा कुजक्या वायरीला ते झेपत नाही आणि बल्ब लगेच मान टाकतो. वजन टाकल्याशिवाय दोरी कुजलीय की नाही ते कळत नाही, तसंच हे.

आता येऊ खऱ्या खलनायकाकडे. अर्थ! माझ्याकडे येणाऱ्या विचित्र तक्रारींमध्ये मी पहिला संशय अर्थवरच घेतो. 'विचित्र' म्हणजे कशा? ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरच्या टेल लाईटी त्याच तालावर उघडझाप करतात. ब्रेक दाबला की घोड्याच्या पार्किंग लाईटी हलक्या पेटतात. ड्रायव्हर म्हणतो, वायरी एकमेकांत मिसळल्यात. मिसळलेल्या नसतात. मागच्या लाईटीचा अर्थ तुटलेला असतो. ब्रेकच्या बल्बमधून करंट आला, बाहेर जायला वाट नाही, मग तो शेजारच्या टेल लाईटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, त्याच वायरने पुढे घोड्याकडे जातो आणि तिथल्या बल्बमधून अर्थ गाठतो. पाण्यासारखंच आहे, गटार तुंबलं की पाणी दुसऱ्याच्या मोरीतून वर येतं.

गंमत म्हणजे अर्थची वायर पूर्ण तुटली तरी लाईटी कधी कधी चालतात. करंट किंगपिन आणि तो जिच्यात बसतो त्या फिफ्थ व्हील प्लेटमधून, लोखंडातून जातो. पण तिथे ग्रीस भरलेलं असतं. त्यामुळे गाडी उभी असताना लाईट ओके, वळणावर गायब, खड्ड्यात परत हजर. "गॅरेजमध्ये आणली की बरी होते" अशी तक्रार असेल तर ही वाट आधी तपासा.

अर्थ तपासायला मात्र मीटरच हवा. सोबत पंधरा-वीस मीटरची लांब वायर घ्या. चाळीस फुटी ट्रेलर म्हणजे बारा मीटर, पुढे घोडा. वायरीचं एक टोक घोड्याच्या बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या काळ्या प्रोबला. लाल प्रोब मागच्या लाईटीच्या अर्थवर. आता टेल, ब्रेक, इंडिकेटर सगळं चालू करायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर छान. एकच्या वर गेलं तर अर्थ खराब. मग लाल प्रोब एकेक टप्पा पुढे आणायचा: ट्रेलरची चासी, केबलचा मागचा प्लग, पुढचा प्लग, घोड्याची चासी. जिथे आकडा एकदम पडतो, त्याच्या आणि आधीच्या टप्प्याच्या मधला जॉइंट दोषी.

व्होल्ट-दोन व्होल्टने काय होतंय, असं म्हणू नका. जॉइंटमध्ये १ ओहमचा अडथळा असेल आणि त्यातून ५ अँपिअर जात असतील तर ५ व्होल्ट तिथेच खर्च. बल्बला उरले १९, आणि साध्या फिलामेंटच्या बल्बचा उजेड तेवढ्याने अर्ध्याच्या खाली येतो. लांबून तो पेटलाय की नाही हेच कळत नाही.

दुरुस्ती सोपी, पण आळस नको. थिंबल सोडवा, पॉलिश पेपरने रंग-गंज घासून लोखंड चकचकीत करा, नवं थिंबल दाबून बसवा, वरून व्हॅसलीन फासा. वायर कापल्यावर आत तांबं काळं दिसलं तर अजून मागे कापा, लाल तांबं दिसेपर्यंत. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जॉइंट आपल्या पावसात टिकत नाही. टेपच्या आत पाणी साठतं आणि बाहेर पडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फ्यूज उडत राहणं. म्हणजे वायर कुठेतरी चासीला घासून उघडी पडलीय. वळल्यावरच उडत असेल तर केबल ताणली जाते ती जागा बघा. फ्यूज वाया घालवू नका. ट्रेलरचे त्या लाईनवरचे बल्ब काढा, एलईडी असेल तर प्लग काढा, आणि फ्यूजच्या जागी आपला टेस्ट लॅम्प जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण पेटेल. आता वायरिंग हलवत मागे जा, जिथे हलवल्यावर तो विझतो तिथेच शॉर्ट. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा जाड तार घालणारे महाभाग मी बघतो. तिथे फ्यूज वाचतो आणि वायर पेटते.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. एबीएसचं वेगळं सॉकेट असतं, त्यात टेस्ट लॅम्प खुपसायचा नाही. आणि केमिकलचा टँकर असेल, जे आपल्या तारापूरला पावलोपावली दिसतात, तर भरलेल्या किंवा न धुतलेल्या टँकरवर ठिणगी उडेल असं काहीही रस्त्यात करायचं नाही. तो योग्य वर्कशॉपलाच न्यायचा.

वेल्डिंगवाल्यांनाही एक विनंती. ट्रेलरवर आर्क मारण्याआधी सात पिनची केबल काढून ठेवा आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा. नाहीतर तो करंट लाईटींच्या अर्थमधून वाट काढतो आणि एलईडी एका झटक्यात जातात.

रात्री हायवेवर लाईटी गेल्याच आणि काही जमत नसेल, तर गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या, चाकाला अडण लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा. आणि मागच्या रिफ्लेक्टर टेपवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा, त्या टेपला करंट लागत नाही.