वेल नाशिकची, बाजार मुंबईचा

अंधेरी पूर्वेला प्रा. ना. सी. फडके मार्गावरच्या एका व्यापारी इमारतीत ‘सुला व्हिनयार्ड्‌स’ या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या वाइन कंपनीचा हा पत्ता. आसपास द्राक्षाची एकही वेल नाही. वेली आहेत कसारा घाट चढून गेल्यावर, गंगापूर धरणाच्या काठाला, दिंडोरीत, निफाडात, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर. पण त्या वेलींवरच्या घडांचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी मुंबईत ठरते. नाशिकहून निघालेला माल भिवंडी, ठाणे ओलांडून मुलुंडच्या नाक्यातून शहरात शिरतो. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या दुकानांत आणि हॉटेलांत तो खपला, तर पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्या द्राक्षांना मागणी राहते. देशातल्या वाइनच्या खपापैकी जवळपास चाळीस टक्के खप एकट्या मुंबईत होतो, असा अंदाज या व्यवसायात अनेक वर्षे वापरला जातो.

महाराष्ट्राचा वाइन उद्योग आकाराने लहान आहे. तरीही त्याची कहाणी नीट समजून घ्यावी अशी आहे. शेतमालावर प्रक्रिया करा, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे जास्त पडतील, असे आपण सतत म्हणतो. त्या म्हणण्याची खरी परीक्षा या उद्योगाने गेल्या पंचवीस वर्षांत दिली आहे. त्यात यश आहे, तसेच उपटून फेकलेल्या बागाही आहेत.

उपनगरातली जुनी ओळख

मुंबई उपनगरांना वाइन काही काल-परवा कळलेली नाही. मरोळ, आंबोली, गोराई, मनोरी इथल्या गावठाणांत राहणारा ईस्ट इंडियन समाज हा या भूमीचा मूळचा रहिवासी, घरात मराठी बोली बोलणारा. नाताळ आणि लग्नकार्यासाठी मनुका, जांभूळ, आले यांची वाइन घरी घालण्याची रीत या समाजात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. नाताळच्या बऱ्याच आधी बरण्या भरायच्या, त्या मुरू द्यायच्या आणि सणाला गाळून पाहुण्यांपुढे ठेवायच्या. बाकीच्या मुंबईकराला ठाऊक होती ती मुख्यतः गोव्याची गोड पोर्ट वाइन. द्राक्षाच्या जातीचे नाव, पिकाचे वर्ष आणि जागा बाटलीवर मिरवणारी वाइन मात्र इथे फार उशिरा आली.

नारायणगाव ते गंगापूर

नाशिकला द्राक्ष आले ते खाण्यासाठी. १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली आणि तिथून हे पीक जिल्हाभर पसरले, असे मानले जाते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीने तर नाशिक, सांगली, सोलापूरच्या शेतकऱ्याला नवे बळ दिले.

वाइनचा पहिला मोठा प्रयोग झाला पुणे जिल्ह्यात. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंडाज ही वाइनरी उभी केली. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या कंपनीच्या तंत्रज्ञांची मदत घेऊन तिथे फेसाळ वाइन तयार झाली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली गेली. त्याच सुमारास पिंपळगाव बसवंतला शेतकरी संघटनेचे नेते माधवराव मोरे यांनीही फेसाळ वाइनचा प्रकल्प हाती घेतला. आंदोलनात मुरलेल्या शेतकरी नेत्याला हा उद्योग करून पाहावासा वाटला.

पुढचे नाव राजीव सामंत यांचे. स्टॅनफर्डमध्ये शिकून, कॅलिफोर्नियात नोकरी करून ते १९९० च्या दशकात परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी आधी दुसरी पिके करून पाहिली. नाशिकची हवा कॅलिफोर्नियातल्या वाइनच्या पट्ट्याला जवळची आहे, असे त्यांना वाटले. तिथले तज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींच्या वेली लावल्या गेल्या. २००० मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. आईचे नाव सुलभा, म्हणून कंपनीचे नाव सुला. नाशिकच्या वाइनला देशभर ओळख मिळाली ती इथून.

वेलीपासून बाटलीपर्यंत

युरोपात हिवाळा आला की वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून आपल्या शेतकऱ्याने दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यात पुढच्या घडांची काडी तयार होते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मग थंडीत घड पोसतात आणि जानेवारी ते मार्च काढणी चालते. युरोपात ही काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते.

समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचे नाशिक, लख्ख ऊन आणि थंड रात्री हे या पिकाचे भांडवल. राज्यातले नीचांकी तापमान निफाडला नोंदले गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. ती थंडी वाइनसाठी मोलाची असते. उन्हाने द्राक्षात साखर भरते, पण उष्मा वाढला की आम्लता झपाट्याने उतरते. साखर हवी तशी आणि आम्लता टिकलेली, हा मेळ दोन-चार दिवसांतच साधावा लागतो. त्यामुळे काढणी पहाटेच्या गारव्यात उरकतात आणि क्रेट ऊन चढण्याआधी वाइनरीत पोहोचवतात.

वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा निराळे असते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. लांबट, टपोऱ्या मण्यांसाठी खाण्याच्या द्राक्षाला जी विरळणी आणि संजीवकांची बुडवणी करावी लागते, ती इथे लागत नाही, म्हणून मजुरी वाचते. उलट चव दाट उतरावी म्हणून एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवतात. भुरी, डावणी हे रोग, अवकाळी पाऊस आणि गारपीट मात्र दोन्ही द्राक्षांना सारखीच छळतात.

वाइनरीत देठ वेगळे होतात, मणी फुटतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालींपासून अलग करून थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवतात. लाल वाइनचा रस सालींसकटच आंबतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल तयार होते. साधारण ११ ते १४ टक्क्यांवर हे काम थांबते. काही लाल वाइन पुढे ओकच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरतात. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागते. वर्षातून एकदाच येणारे पीक वर्षभर विकायचे, त्यातला काही भाग वर्षानुवर्षे साठवायचा, म्हणजे या धंद्यात पैसा अडकून पडतो. छोट्या वाइनऱ्यांना जड जाते ते इथेच.

तेजी आणि उपटलेल्या बागा

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. राज्यातल्या द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, परवाने सोपे झाले, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. पाठोपाठ वाइनऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि २००८ पर्यंत राज्यात त्या पन्नासच्या वर गेल्या. द्राक्ष बागायतदारांनी कर्ज काढून टाक्या बसवल्या, इतरांनी वाइनरीशी करार करून नव्या जाती लावल्या.

मग जागतिक मंदी आली. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला झाला आणि हॉटेल-पर्यटन व्यवसाय हबकून गेला. मोठे गिऱ्हाईकच थंडावले. टाक्या भरलेल्या, बाटल्या पडून, शेतकऱ्यांची देणी थकलेली. कर्जाच्या ओझ्याखाली शातो इंडाजही कोलमडली. खाण्याच्या द्राक्षाला एक व्यापारी नाही मिळाला तर दुसरा मिळतो. शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों या वाइनच्या जाती पिकवणाऱ्याला वाइनरीने नाही म्हटले तर दुसरे दार नसते. मंडईत त्या आंबट-तुरट, बियाळ मण्यांना कोण विचारणार? अनेकांनी पोसलेल्या बागा मुळासकट उपटल्या आणि पुन्हा थॉमसनकडे वळले.

या उद्योगाबद्दल बोलताना हा धडा विसरता कामा नये. त्यातून सावरताना जे टिकले, त्यांनी दीर्घ मुदतीच्या करारांची वाट धरली. आज सुलासारखी कंपनी शेतकऱ्यांशी दहा-बारा वर्षांपर्यंतचे करार करते. जात आणि दर्जा यांवर भाव ठरतो, बागेचा सल्ला कंपनी देते. बाजारभावाच्या झोक्यांत सापडलेल्या द्राक्षशेतीत अशी खात्री दुर्मीळ आहे.

२०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. दिंडोरीला मोएट हेनेसीने २०१३ मध्ये शांदों ही वाइनरी सुरू केली. अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची या घराण्यांनी मिळून फ्रातेल्ली उभी केली. निफाडजवळच्या रेव्हेलोने सिसिलीच्या जाती आपल्या मातीत रुजवल्या. कर्नाटकातल्या नंदी हिल्सच्या परिसरात ग्रोव्हर कुटुंबाने त्याआधीच काम सुरू केले होते. ती कंपनी पुढे इगतपुरीजवळच्या झाम्पाशी एक झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात नोंदली गेली. २०२२-२३ या वर्षात तिने स्वतःच्या ब्रँडच्या दहा लाखांहून अधिक पेट्या विकल्या. देशी द्राक्ष वाइनच्या बाजारात निम्म्याहून अधिक वाटा या एका कंपनीचा आहे. हे तिचे कर्तृत्व खरे, पण एवढा बाजार एकाच खांद्यावर असणे शेतकऱ्याच्या दृष्टीने जोखमीचेही आहे.

कर, दुकान आणि वाद

मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे. नाशिकची बाटली शेजारच्या राज्यात पोहोचेपर्यंत तिचा भाव बराच चढतो. छोट्या वाइनरीला हा खर्च झेपत नाही, म्हणून ती महाराष्ट्रावर आणि पर्यायाने मुंबईवर अवलंबून राहते. राज्याने वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आणली. ती २०१९-२० नंतर खंडित झाली आणि २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा पाच वर्षांसाठी मंजूर झाली. मधल्या काळात कारखानदाराने हिशेब कसा मांडायचा आणि शेतकऱ्याला भाव कशाच्या भरवशावर द्यायचा, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये, वेगळ्या कपाटात वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. वाद पेटला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हाच्या विरोधी पक्षाने जोरदार टीका केली आणि निर्णय अमलात आलाच नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी अर्धेच सांगितले. समर्थक वाइनला फळांच्या रसाच्या पंगतीला बसवू पाहत होते. ते चुकीचे आहे. १२-१३ टक्के अल्कोहोल असलेले पेय हे मद्यच आहे, आणि महाराष्ट्रात ते २१ वर्षांखालील कुणाला विकता येत नाही, हे योग्यच आहे. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे उपनगरांतल्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत कमी नाहीत. विरोधकांनी मात्र वाइनच्या पाठीमागचा बागायतदार, छाटणीचा मजूर, वाइनरीतली नोकरी हे सारे नजरेआड केले. शेतमाल म्हणून धोरण आखायचे, मद्य म्हणून अडवायचे आणि दर काही वर्षांनी मन बदलायचे, यात सर्वांत आधी मोडतो तो शेतकरी.

पर्यटन आणि परदेशी बाटली

फ्रान्समध्ये वर्षाला माणशी चाळीस लिटरच्या आसपास वाइन प्यायली जाते. भारतात हे प्रमाण काही चमच्यांपलीकडे जात नाही. राज्याच्या द्राक्षांचा अगदी थोडा हिस्सा वाइनला जातो, बाकी खाण्यासाठी, निर्यातीसाठी आणि बेदाण्यासाठी. म्हणून वाइनमुळे द्राक्षशेतीचे सारे प्रश्न सुटतील, असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तिचे मोल दुसरीकडे आहे. २००५ मध्ये सुलाने वाइन चाखण्याचे दालन उघडले आणि शनिवार-रविवारी मुंबईकर नाशिकची वाट धरू लागले. त्यांच्यामागे हॉटेले, टॅक्सी, खानावळी आणि गावातल्या तरुणांच्या नोकऱ्या आल्या. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि उपनगरांतून घाटापलीकडे जाणे आणखी सोपे झाले.

स्पर्धाही येत आहे. परदेशी वाइनवर १५० टक्के आयात शुल्क होते. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियासोबतच्या करारानुसार तिथल्या महागड्या बाटल्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरते आहे. अंधेरीतल्या किंवा पवईतल्या ग्राहकापुढे उद्या ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातली शिराझ आणि दिंडोरीची शिराझ एकाच फळीवर, जवळच्या भावात उभ्या राहतील. तेव्हा देशी म्हणून सहानुभूतीने कुणी बाटली उचलणार नाही. दर्जा असेल तरच उचलेल.

म्हणून सरकारकडे मागणे सवलतींच्या यादीचे नसावे. एक धोरण करावे, ते निदान दहा वर्षे बदलू नये. वाइनरी बुडाली तरी करारातल्या शेतकऱ्याचे पैसे आधी मिळतील, अशी कायदेशीर तजवीज करावी. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने वाइनच्या जातींवर केलेले काम छोट्या बागायतदारापर्यंत पोहोचवावे. विक्रीच्या नियमांत अल्पवयीनांचे संरक्षण कडक ठेवावे आणि वाइन मद्य आहे, हे कुणी लपवू नये. द्राक्षाची वेल एकदा लावली की पंधरा-वीस वर्षे जोपासावी लागते. तिच्याइतका धीर धोरणातही असला, तरच नाशिकच्या शेतकऱ्याने या उद्योगावर ठेवलेला विश्वास सार्थ ठरेल.