कच्चं प्लास्टर, पक्कं प्लास्टर

पीओपी म्हटलं की आपल्याकडे आधी गणपती आठवतो. पेणच्या कारखान्यांत ओळीनं मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती, त्यावरून दर पावसाळ्यात नव्यानं पेटणारा शाडूचा वाद, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीत उघडे पडलेले हात आणि सोंडा. त्याच भुकटीची दुसरी ओळख बहुतेकांना सातव्या-आठव्या वर्षी होते, सायकलवरून नाहीतर झाडावरून पडल्यावर. माझी पेरूच्या झाडानं करून दिली. डावा हात मनगटाच्या वर वाकला होता. आजीनं हळद-गूळ लावायची तयारी केली, शेजारच्या काकांनी हाडवैद्याचं नाव सुचवलं, आणि वडिलांनी दोघांचंही न ऐकता शाळेची फूटपट्टी हाताखाली बांधून मला एसटीत बसवलं. तालुक्याच्या दवाखान्यातलं बाकी सगळं विसरलो. लक्षात राहिली ती एकच गोष्ट: ओलं, गारढोण प्लास्टर हातावर गुंडाळलं आणि थोड्या वेळानं ते आपलं आपणच गरम व्हायला लागलं. तापलेल्या तांब्यासारखं. मला वाटलं, हाड शिजतंय.

ही ऊब कुठून येते, हे पुष्कळ वर्षांनी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्लास्टर रूममध्ये बसून समजून घेतलं. तिथले टेक्निशियन म्हणजे सगळ्यांचे ‘मामा’. नवशिके डॉक्टर पहिल्या सहा महिन्यांत पुस्तकापेक्षा जास्त मामांकडून शिकतात, आणि नंतर ते कबूल करत नाहीत. मे महिन्याची सुट्टी आणि दहीहंडीची रात्र, या दोन वेळा मामांना रजा मिळत नाही.

खोलीत सामान फारसं नसतं. एक टेबल, कापसाच्या मऊ पट्ट्यांचे रोल, प्लास्टरच्या पट्ट्या, कात्री, करवत आणि पाण्याची बादली. बादलीच का, नळ का नाही? तर प्लास्टरचं पाणी बेसिनमध्ये गेलं की काही दिवसांत पाइपाचा दगड होतो. मामा पट्टीचा रोल तिरका धरून पाण्यात बुडवतात. बुडबुडे येतात. ते थांबले की रोल तयार. दोन्ही टोकांनी हलकेच दाबून पाणी काढायचं. पिळायचं नाही, नाहीतर भुकटी बादलीत आणि नुसतं जाळीचं कापड हातात. पाणी साधं नळाचंच हवं. घाईत कुणी गरम पाणी घेतलं, तर प्लास्टर लवकर घट्ट होतं खरं, पण स्वतःची ऊब त्यात मिळवून कातडी भाजूही शकतं.

ही ऊब म्हणजे भट्टीची उसनवारी. जिप्समच्या दगडात पाणी बांधलेलं असतं. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि भुकटी उरते. भुकटीला पुन्हा पाणी मिळालं की तिचा पुन्हा दगड होतो: सुईसारखे स्फटिक वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि भट्टीत घेतलेल्या उष्णतेतला वाटा परत करतात. पाचेक मिनिटांत प्लास्टर घट्ट होतं, पुरतं वाळायला मात्र एक ते तीन दिवस लागतात. पॅरिसचं नाव त्याला चिकटलं ते माँमार्त्रच्या टेकडीतल्या जिप्समच्या खाणींमुळे. आपल्याकडचं जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येतं. गंमत अशी की मूर्तीच्या रूपात खाडीत विरघळत नाही म्हणून ज्याच्या नावानं आपण खडे फोडतो, तेच प्लास्टर जुलैच्या एका सरीत भिजलं तर पायावर लिबलिबीत होऊन बसतं. पावसाळ्यात लोकलमध्ये पायाला दुधाच्या पिशव्या बांधलेला माणूस दिसला की समजावं.

मोडलेलं हाड हलू नये म्हणून काहीतरी बांधायचं, ही युक्ती फार जुनी. सुश्रुतसंहितेत पळस, उंबर, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांचे आधार सांगितले आहेत. आमच्याकडच्या हाडवैद्यांच्या कामट्या त्याच घराण्यातल्या. कठीण होणारा लेप मात्र बराच काळ कुणाच्या हाती नीट लागला नव्हता. १७९८ साली छापलेल्या तुर्की साम्राज्यावरच्या एका पुस्तकात विल्यम ईटन या इंग्रज वकिलातदारानं बसऱ्याकडची पद्धत वर्णिली आहे: मोडलेल्या पायाभोवती प्लास्टर चक्क ओतायचं. ओतलेलं प्लास्टर म्हणजे पायाला दगडी पेटीच. बेल्जियमच्या सूतँनं खळीच्या पट्ट्या काढल्या. त्या हलक्या होत्या, पण वाळायला दोन-तीन दिवस घ्यायच्या, आणि तेवढ्या वेळात हाड जागेवरून सरकायचं. मार्ग काढला तो हारलेमच्या लष्करी रुग्णालयातल्या आंतोनियस मातैसेन या डच शल्यवैद्यानं. त्यानं कोरडी भुकटी सुती पट्टीत घासून भरली, पट्टी गुंडाळून ठेवली आणि लागेल तेव्हा भिजवली. १८५२ साली त्यानं हे छापलं. त्याच सुमारास रशियाच्या पिरोगोव्हनं एका शिल्पकाराच्या कामाच्या जागी प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड पाहिलं आणि क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या हातापायांवर ते वापरलं. म्हणजे मूर्तिकार आणि हाडांचा डॉक्टर यांची सोयरीक पहिल्यापासूनचीच.

खरं कसब भिजवण्यात नाही, घडवण्यात आहे. मामा प्लास्टर बोटांनी कधीच दाबत नाहीत, सगळं काम तळव्यानं. बोटाचा खड्डा बाहेरून दिसत नाही, आतून मात्र कातडीत रुततो आणि दहा दिवसांनी तिथे जखम सापडते. गोल नळकांड्यासारखं प्लास्टरही त्यांना खपत नाही. पुढचा हात मुळात चपटा असतो, म्हणून प्लास्टरही चपटं बसलं पाहिजे. त्यातही बारकी गोष्ट अशी, की हाड मोडतं तेव्हा त्याच्यावरचं आवरण एका बाजूला फाटतं आणि दुसऱ्या बाजूला बहुधा शाबूत राहतं. ती शाबूत बाजू बिजागरीसारखी वापरायची. तीन ठिकाणी दाब द्यायचा, दोन एका बाजूनं आणि मधला समोरून. बिजागरी ताणलेली राहिली की हाड सरकत नाही. असं नीट घडवलेलं प्लास्टर किंचित वाकडं दिसतं. नातेवाईक हमखास म्हणतात, ‘डॉक्टर, वाकडं बसलंय.’ सरळसोट, देखण्या प्लास्टरच्या आत हाड वाकडं असण्याची शक्यता जास्त, हे जॉन चार्नली या इंग्रज सर्जननं १९५० सालच्या आपल्या पुस्तकात पटवून दिलं. पुढे १९६० च्या दशकात खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी करून दाखवणारा चार्नली तो हाच. ऑपरेशनच्या इतिहासात ज्याचं नाव एवढं मोठं, त्यानं आधी ऑपरेशनशिवाय हाड कसं बसवावं यावर ग्रंथ लिहिला, हे मला फार आवडतं.

आता कच्चं आणि पक्कं. पेशंटांची समजूत अशी, की कच्चं म्हणजे तात्पुरतं, कामचलाऊ. डॉक्टर आधी मुद्दाम कच्चं घालतो आणि पुन्हा पैसे घ्यायला पक्कं करतो. खरं तर कच्चं प्लास्टर म्हणजे अर्धी पन्हळ. हाताला आठ-दहा पदर, पायाला बारा-पंधरा, आणि वरून साधी पट्टी. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते. तिला पसरायला जागा हवी, म्हणून एक बाजू मोकळी. सूज उतरली की पूर्ण वेढ्याचं पक्कं. ही जागा दिली नाही तर काय होतं, ते जर्मनीच्या रिशार्ड फोल्कमाननं १८८१ सालीच लिहून ठेवलं आहे: घट्ट बांधलेल्या हाताचे स्नायू रक्तावाचून काही तासांत मरतात, आणि मुलाच्या बोटांचा कायमचा पंजा होऊन बसतो. सुश्रुतसंहितेतही हेच आहे. ढिलं बांधलं तर सांधा स्थिर होत नाही, घट्ट बांधलं तर सूज, वेदना आणि पू. शिवाय बंध कधी बदलायचा तेही ऋतूप्रमाणे: थंडीत सात दिवसांनी, मधल्या हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. कामट्या करकचून बांधल्यामुळे काळी पडलेली बोटं घेऊन येणारी मुलं आजही रुग्णालयांत दिसतात. तेव्हा परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी परंपरेतली ही ओळही वाचावी.

हाडवैद्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. दोन-तीन वर्षांच्या पोराला रस्ता ओलांडताना एका हातानं खेचून उचललं, की कोपराशी एका हाडाचं डोकं त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यातून निसटतं. मूल हात लुळा धरून रडत राहतं. ‘हात उतरला’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. जाणता हाडवैद्य तळहात फिरवून कोपर दुमडतो, टक् असं काहीतरी होतं, आणि पाच मिनिटांत मूल त्याच हातानं बिस्किट घेतं. डॉक्टरही हेच करतात. प्लास्टर लागत नाही. पंचक्रोशीतला नावलौकिक अशा कोपरांवर उभा राहिलेला असतो, आणि तेवढ्यापुरता तो रास्तही आहे. पंचाईत होते ती खरंच हाड मोडलेलं असतं तेव्हा.

मुलांचं हाड मोठ्यांच्या हाडाची छोटी आवृत्ती नसतं. आवरण जाड, हाड लवचीक. पेरूची ओली फांदी वाकवली तर एका बाजूनं चिरते, दुसऱ्या बाजूनं धरून राहते. माझ्या हाताचं नेमकं तेच झालं होतं, आणि डॉक्टरी भाषेतही त्याला ग्रीनस्टिक, हिरवी काठी, असंच म्हणतात. कधी हाड मोडतही नाही, नुसतं दबून फुगवटा येतो. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मनगटाजवळच्या अशा फुगवट्याला नुसती मऊ पट्टी बांधून घरी पाठवलेली मुलं, कडक आधार दिलेल्या मुलांइतकीच बरी झाली. प्लास्टरचा हा परिचय लिहिताना ते नको तिथे नको, हेही लिहायला लागतं.

मुलांचं हाड चूक पोटातही घालतं. आठ वर्षांच्या मुलाच्या मनगटाजवळ पंधरा अंशांचा बाक राहिला तरी वाढता वाढता तो वर्ष-दोन वर्षांत सरळ होतो. आईवडील एक्स-रे बघून हबकतात, डॉक्टर निवांत असतो, आणि त्याचं निवांत असणं त्यांना बेपर्वाई वाटते. पण ही सवलत सरसकट नाही. हाडाला पीळ पडला असेल तर तो वाढीनं सुटत नाही. कोपराच्या वरच्या मोडीलाही ती लागू नाही, कारण दंडाच्या हाडाची जेमतेम पाचवा हिस्सा वाढ कोपराच्या टोकाकडून होते. पाच ते सात वर्षांची मुलं हातावर पडून तिथे मोडून घेतात, आणि म्हणूनच हाड सरकलेलं असेल तर भूल देऊन ते बसवतात, दोन-तीन बारीक तारा टोचतात, तीन-चार आठवड्यांनी काढतात. हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा हाही एक नाजूक मामला. ती एक्स-रेत दिसत नाही, दिसते ती फक्त मोकळी फट. तिला इजा झाली तर हात आखूड किंवा तिरपा वाढू शकतो. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली या इजांचे पाच प्रकार पाडले. ते आजही रोजच्या वापरात आहेत.

मोठ्यांना असली माफी नाही. जसं बसेल तसंच राहणार. वेळही जास्त: सुश्रुताचा हिशेब लहानपणी एक महिना, मध्यम वयात दोन, म्हातारपणी तीन असा आहे, आणि ढोबळमानानं तो आजही चालतो. शिवाय मोठ्यांचे सांधे आखडतात. माझी मावशी न्हाणीघरात घसरली आणि हातावर पडली. मनगटाची ती मोड डब्लिनच्या अब्राहम कॉलिसनं १८१४ साली, एक्स-रे यायच्या ऐंशी वर्षं आधी, नुसत्या हातानं चाचपून वर्णिली होती. मावशीचं हाड सुरेख जुळलं. पण प्लास्टर असताना बोटं आणि खांदा हलवत राहायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सहा आठवडे तिनं हात झोळीत घालून देवासारखा जपला. नंतर पोळी लाटायला सात महिने लागले.

प्लास्टरचं राज्य आता आक्रसलं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते योग्यच झालं. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर महिनोन् महिने अंथरुणात ठेवणं म्हणजे न्यूमोनियाला आवतण. तिथे ऑपरेशन करून लवकर उभं करणंच बरं. मांडीच्या हाडात पोकळीतून सळई घालण्याची कील शहरातल्या क्युन्शरची पद्धत १९४० च्या सुमाराची, तिनं प्रौढांचं वजन लावून महिनोन् महिने पडून राहणं संपवलं. पण हल्ली ‘नुसतं प्लास्टर केलं’ असं म्हणताना लोकांच्या सुरात निराशा असते, जणू प्लेट बसवण्याइतकी आपली ऐपत डॉक्टरनं ओळखली नाही. प्लास्टरला पुन्हा पुन्हा बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी बोटं, आठवड्यानं एक्स-रे, सूज उतरून ढिलं झालं तर बदल. हे बिलात दिसत नाही.

मी गेलो त्या दिवशी शेवटचा नंबर एका सहा वर्षांच्या मुलाचा होता. करवत सुरू झाल्याबरोबर त्यानं खोली डोक्यावर घेतली. हे यंत्र अमेरिकेतल्या होमर स्ट्रायकरनं १९४० च्या दशकात बनवलं. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते म्हणून वाचते. हे सहा वर्षांच्या मुलाला कसं सांगणार? मामांनी चालू पातं स्वतःच्या तळहातावर टेकवलं. मूल गप्प झालं, मग म्हणालं, ‘परत.’ मामांनी परत टेकवलं.

दोन्ही बाजूंनी चीर पडली, कापूस कापला, आणि आतून एक बारीक, कोंडा धरलेला, भलत्याच लवेचा हात निघाला. मूल त्याच्याकडे परक्यासारखं बघत राहिलं. कोपर सरळ करायला तयार होईना. आई ते ओढून बघणार तेवढ्यात मामा म्हणाले, ‘असू द्या बाई. खेळेल तसा होईल.’ मुलानं प्लास्टर घरी न्यायला मागितलं, त्यावर वर्गातल्या सगळ्यांची नावं होती. आई नको म्हणाली, वास येतो. मामांनी दोन्ही टरफलं पिशवीत घालून त्याच्या दुसऱ्या हातात दिली, आणि बादली उलटी करून तळाशी बसलेला पांढरा दगड फरशीवर आपटून काढायला बसले.