मारिया: बेनीच्या पिस्तुलाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा गेम ऑब्सिडियन एंटरटेनमेंटने बनवला आणि बेथेस्डा सॉफ्टवर्क्सने ऑक्टोबर 2010 मध्ये बाजारात आणला. कथा घडते 2281 साली, अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात. 2077 च्या अणुयुद्धाने जग बेचिराख होऊन दोनशे वर्षे उलटली आहेत. आपण असतो एक कुरिअर, आणि सुरुवातीलाच मरणाच्या दारात. गुडस्प्रिंग्ज गावाबाहेरची दफनभूमी, रात्रीची वेळ, आपले हात बांधलेले. समोर चौकड्यांचा कोट घातलेला बेनी. त्याच्या हातात निकेलचा मुलामा दिलेले, अंगभर नक्षी कोरलेले पिस्तूल. शिंपल्याच्या मुठीवर मेरीमातेचे चित्र. हीच मारिया. बेनी गोळी झाडतो आणि खेळ सुरू होतो.

इतकी नाट्यमय ओळख झालेल्या हत्याराभोवती गैरसमज जमणारच. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. ज्यांनी गेम अजून खेळलेला नाही, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पुढे कथेतले काही धागे उघड होतात.

गैरसमज 1: मारिया ही निव्वळ कल्पनेतली बंदूक आहे.

वस्तुस्थिती: नक्षी, मूठ आणि नाव गेमचे आहे, सांगाडा मात्र खराखुरा आहे. न्यू व्हेगासमधले साधे 9 मिमी पिस्तूल आणि त्याचीच सजवलेली बहीण मारिया, दोन्हींचा आराखडा ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’ या बेल्जियन पिस्तुलावरून घेतलेला आहे.

हे पिस्तूल घडले कसे, हे जाणून घेण्यासारखे आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन रचनाकाराने बेल्जियममधल्या एफएन कारखान्यासाठी त्यावर काम सुरू केले. अडचण अशी, की त्याच्याच आधीच्या कोल्ट पिस्तुलाचे पेटंट कोल्ट कंपनीकडे होते, त्यामुळे स्वतःच्याच युक्त्या टाळून त्याला नवा मार्ग शोधावा लागला. 1926 मध्ये लीएज इथे, एफएनच्या कारखान्यातच, काम अपुरे असताना त्याचे निधन झाले. पुढे द्यूदोने सैव्ह या बेल्जियन रचनाकाराने ते पूर्णत्वाला नेले आणि 1935 मध्ये बेल्जियमच्या सैन्याने ते स्वीकारले. म्हणून नुसत्या ब्राउनिंगला सगळे श्रेय देणे हा सैव्हवर अन्याय आहे. या पिस्तुलाची सर्वांत गाजलेली गोष्ट, म्हणजे दुहेरी रांगेचे मॅगझिन, सैव्हचीच देणगी. काडतुसे एकमेकांच्या खोबणीत सरकून दोन रांगांत बसतात आणि तोंडाशी येताना पुन्हा एका रांगेत येतात. मूठ हातात मावेल इतकीच राहते, पण आत 13 काडतुसे बसतात. त्या काळच्या कोल्ट एम1911 मध्ये 7 आणि जर्मन वाल्थर पी38 मध्ये 8 मावत. गेममध्येही साध्या 9 मिमी पिस्तुलात आणि मारियात 13 च गोळ्या आहेत. हा आकडा गेमवाल्यांनी हवेतून काढलेला नाही.

गैरसमज 2: या बंदुकीचा आपल्या देशाशी काय संबंध?

वस्तुस्थिती: चांगला जवळचा संबंध आहे. 1940 मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापले आणि एफएनचा कारखाना जर्मन सैन्यासाठी हीच पिस्तुले बनवू लागला. तिकडे सैव्ह निसटून इंग्लंडला पोहोचला आणि कॅनडातल्या जॉन इंग्लिस कंपनीने दोस्त राष्ट्रांसाठी तेच पिस्तूल तयार करायला घेतले. एकच रचना युद्धाच्या दोन्ही बाजूंना वापरली गेली. या कॅनडियन नमुन्यावरून भारतात इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ‘9 मिमी 1ए’ हे पिस्तूल तयार होऊ लागले आणि ते भारतीय सैन्याचे नेहमीचे पिस्तूल झाले. आपल्या घरात किंवा गावात फौजेतले कोणी असेल, तर मारियाचे हे भारतीय भावंड त्यांनी कदाचित हाताळलेले असेल.

गैरसमज 3: गेममध्ये ज्याचा एकच नग असतो असे ‘एकमेव’ हत्यार म्हणजे सर्वांत ताकदवान हत्यार.

वस्तुस्थिती: नव्या खेळाडूंची सर्वांत जास्त फसगत इथे होते. मारिया साध्या 9 मिमी पिस्तुलापेक्षा थोडे जास्त नुकसान करते आणि जास्त टिकते, हे खरे. पण ती प्रत्येक बाबतीत सरस नाही आणि सर्वश्रेष्ठ तर नाहीच नाही.

पहिले कारण म्हणजे जोडभाग. न्यू व्हेगासमध्ये एकमेव शस्त्रांना जोडभाग लावता येत नाहीत. साध्या 9 मिमी पिस्तुलाला मोठे मॅगझिन लावता येते, दुर्बीण बसवता येते. मारिया आहे तशीच वापरावी लागते. त्यामुळे लांबच्या लढाईत नीट सजवलेले साधे पिस्तूल पुष्कळदा जास्त सोयीचे पडते.

दुसरे कारण म्हणजे चिलखताचा हिशेब. या गेममध्ये शत्रूच्या चिलखताला एक ठरावीक आकडा असतो आणि प्रत्येक गोळीच्या माऱ्यातून तो थेट वजा होतो. समजा चिलखत 15 चे आहे. 20 चा मारा करणाऱ्या गोळीचे उरले 5. तेच 60 चा मारा करणाऱ्या गोळीचे उरतात 45. मूळ मारा तिप्पट, पण परिणाम नऊपट. वजाबाकी कितीही मोठी असली तरी माऱ्याचा किमान 20 टक्के भाग शत्रूपर्यंत पोहोचतो, पण तेवढ्यावर लढाई जिंकता येत नाही. 9 मिमीच्या कुठल्याही पिस्तुलाची अडचण हीच आहे. गावगुंड आणि रानटी कुत्र्यांपुढे मारिया छान चालते. डेथक्लॉसारखा महाकाय हिंस्र प्राणी अंगावर धावून आला, तर तिच्या भरवशावर राहू नये.

गैरसमज 4: तिला खास गोळ्या आणि खास सुटे भाग लागतात.

वस्तुस्थिती: दोन्ही लागत नाहीत. मारियात साधी 9 मिमी काडतुसे चालतात आणि ती सुरुवातीच्या गावांपासून सर्वत्र मिळतात. काडतुसांचे प्रकार मात्र समजून घ्यावेत. पोकळ टोकाची गोळी उघड्या अंगावर जास्त नुकसान करते, पण चिलखतासमोर फिकी पडते. खऱ्या जगातही तसेच आहे. पोकळ टोक आदळल्यावर पसरते, म्हणून मऊ ठिकाणी तिचा घाव मोठा होतो आणि कठीण पृष्ठभागात ती शिरत नाही. दुरुस्तीही सोपी आहे. शत्रूंकडून मिळालेली मोडकी 9 मिमी पिस्तुले सुट्या भागांसाठी वापरली की मारिया पुन्हा ठणठणीत होते. म्हणून वाटेत सापडलेली अशी पिस्तुले सगळी विकून टाकू नका, एखाददुसरे जवळ ठेवा.

गैरसमज 5: मारिया हवी तर बेनीशी जुगारघरात समोरासमोर लढावेच लागते.

वस्तुस्थिती: या गेमची श्रीमंती इथेच दिसते. बेनी सापडतो न्यू व्हेगासच्या ‘द टॉप्स’ या जुगारघरात. तिथे शिरताना शस्त्रे दारातच काढून घेतली जातात, कपड्यांत लपवता येतील अशी छोटी शस्त्रे तेवढी आत नेता येतात. बेनी हा काही भुरटा लुटारू नाही. जुगारघर चालवणाऱ्या ‘चेअरमेन’ टोळीचा तो म्होरक्या आहे आणि शहराचा धनी मिस्टर हाउस याच्याविरुद्ध त्याचा डाव चालला आहे. कुरिअरला गोळी घातली तीही हाउसकडे जाणारी प्लॅटिनम चिप मिळवण्यासाठी.

बेनीचा उजवा हात म्हणजे स्वँक. बेनीच्या गुन्ह्याचे पुरावे दाखवून त्याला पटवले, तर तो आपली शस्त्रे परत देतो आणि बेनीला एकटे गाठता येते. बेनीशी बोलून त्याच्या खोलीपर्यंत जाता येते. स्त्री पात्र घेतले असेल आणि योग्य गुण निवडला असेल, तर गोड बोलून त्याला बेसावध करता येते. आणि तो निसटलाच, तर सीझर नावाच्या हुकूमशहाच्या सैन्याच्या छावणीत कैदी म्हणून पुन्हा भेटतो. तिथे त्याचे काय करायचे ते आपण ठरवायचे, त्याला सोडून देण्यासह. पण टॉप्समध्ये असेपर्यंत मारिया बेनीच्या अंगावर असते. ती हवी असेल तर त्याला तिथून निसटू न देणे हाच सरळ मार्ग.

गैरसमज 6: निकेल आणि शिंपल्याचा थाट म्हणजे नुसती सजावट.

वस्तुस्थिती: अर्धे खरे. निकेलचा मुलामा पोलादाला गंजण्यापासून वाचवतो, म्हणूनच तो एकोणिसाव्या शतकापासून पिस्तुलांवर दिला जातो. कोरलेल्या नक्षीने नेम सुधारत नाही. शिंपल्याची मूठ दिसायला देखणी, पण ठिसूळ असते. मात्र मुठीवरचे चित्र अर्थाशिवाय आलेले नाही. ती मेक्सिकोची ग्वादालूपेची माता आहे. तेपेयाक टेकडीवर 1531 मध्ये तिने दर्शन दिले अशी श्रद्धा आहे आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या लाखो कुटुंबांत तिची प्रतिमा असते. मोहावीच्या कथेत ती शोभते ती त्या मातीची म्हणूनच. करुणेची माता एका खुन्याच्या मुठीत असावी, हा विरोध त्या पहिल्या प्रसंगाला धार देतो.

यांतला सर्वांत मोठा गैरसमज एका चुकीतून निघतो. आपण हत्यार त्याच्या आकड्यावरून जोखतो. मारियाचा आकडा साधारणच आहे. मोलाची आहे ती तिची जागा. खेळाच्या सुरुवातीला ती आपल्यावर रोखलेली असते, त्याच घराण्यातले साधे पिस्तूल घेऊन आपण वाळवंट तुडवतो, आणि अनेक तासांनी ती आपल्या हाती येते तेव्हा सूड घ्यायचा की नाही हा निर्णय आपल्यावर असतो. नुसती लढाई जिंकायची असेल, तर मोठे मॅगझिन लावलेले साधे 9 मिमी पिस्तूल वापरा आणि पुढे जड शस्त्रांकडे वळा. पण कथा मनापासून खेळत असाल, तर मारिया विकू नका. बाजारात तिचे जितके पैसे येतील, त्याहून तिची खरी किंमत कितीतरी जास्त आहे.