‘७२ तास’ म्हणजे नक्की किती? टूर्सच्या धंद्यात येणाऱ्यांसाठी कोविड टेस्टचा हिशोब



घरातून टूर्स आणि तिकिटांचं काम सुरू करायचंय म्हणणारे बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात. “सर, तिकीट तर लोक मोबाइलवरच काढतात. मग आपल्याकडे येणार कोण?” याचं उत्तर २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत स्पष्ट दिसलं. तेव्हाही तिकीट काढणं सोपंच होतं. अवघड होतं ते विमानात बसणं. आणि गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला.

उदाहरण घ्या. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून विमानाने येणाऱ्यांना निगेटिव्ह टेस्ट सक्तीची केली. नियमात शब्द होता ‘तीन दिवस’. भारतात परत येताना मात्र ‘७२ तासांच्या आत’ केलेली आरटी-पीसीआर लागायची. दोन्ही सारखंच वाटतं ना? नाही! दिवसांचा नियम कॅलेंडरवर चालतो, तासांचा घड्याळावर. शुक्रवारी दुपारी एकचं विमान असेल, तर मंगळवारी सकाळी सातला दिलेला स्वॅब अमेरिकेला चालत होता. ७२ तासांच्या हिशोबात तोच स्वॅब बाद, कारण तिथे मोजणी मंगळवारी दुपारी एकपासून सुरू होते. एवढ्या एका शब्दावर अख्ख्या कुटुंबाचं तिकीट अडकायचं. पुढे ६ डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेने तीनाचा एकच दिवस केला आणि १२ जून २०२२ ला अटच काढून टाकली. म्हणजे बुकिंग केलं तेव्हाचा नियम उड्डाणाच्या दिवशी तसाच असेल, याची खात्री नव्हती. नियम एकदा वाचून भागत नव्हतं, निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचावा लागायचा.

आता दुबई. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतातून जाणाऱ्यांना दारं उघडली तेव्हा दोन टेस्ट होत्या. एक उड्डाणाआधी ४८ तासांतली आरटी-पीसीआर, आणि दुसरी विमानतळावरची रॅपिड पीसीआर, जी आधी चार आणि मग सहा तासांच्या आत करायची होती. समजा नाशिकचं कुटुंब आहे आणि मुंबईहून शनिवारी रात्री दहाचं विमान आहे. हिशोब नेहमी उलटा करायचा, विमानापासून मागे. ४८ तास मागे गेलात की गुरुवार रात्री दहा. त्या वेळी नाशिकची लॅब बंद. म्हणून स्वॅब शुक्रवारी सकाळी आठला. मोजणी स्वॅब घेतल्याच्या वेळेपासून, रिपोर्ट हातात आल्याच्या वेळेपासून नाही, हे इथे बऱ्याच जणांना कळत नसे. रिपोर्ट इंग्रजीत किंवा अरबीत आणि त्यावर क्यूआर कोड हवा. मग रॅपिड टेस्ट सहा तासांच्या आत, म्हणजे शनिवारी दुपारी चारनंतर. त्याआधी घाईने पोहोचून टेस्ट केली तर ती वाया. कसाऱ्याच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोहोचलात, तर रिपोर्ट येईपर्यंत चेक-इन बंद. तेव्हा नाशिकहून सकाळी अकराला निघायचं. हे सगळं एका कागदावर वेळेसकट मराठीत लिहून गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅप करायचं, हीच तुमची सर्व्हिस. याचे पैसे घ्यायलाच हवेत. ‘ओळखीचे आहेत, राहू दे’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, स्पष्टच सांगतो.

टेस्ट कोणती, हाही प्रश्न होता. दुबईला आणि भारताला पीसीआरच हवी, अमेरिकेला अँटिजेनही चालायची. कोविड होऊन बरा झालेला माणूस काही आठवडे पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह दिसू शकतो. अशा गिऱ्हाइकाला अमेरिकेच्या नियमात सरळ वाट दिलेली होती. गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र. नियम अर्धाच वाचणाऱ्याने तिकीट रद्द करायला लावलं असतं.

क्रूझ म्हणजे आणखी वरची पायरी. जहाजवाले एवढे कडक का झाले? फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज अडकलं. जहाजावरच्या ३,७११ लोकांपैकी ७१२ जणांना लागण झाली. त्यांच्यात भारतीय कर्मचारीही होते. त्यानंतर प्रत्येक जहाजाने देशाच्या नियमांवर स्वतःचे नियम चढवले. मायामीहून क्रूझ घेणाऱ्या मुंबईकराला एका सहलीत तीन हिशोब सांभाळावे लागायचे. अमेरिकेच्या विमानाचा एक, जहाजावर चढतानाचा दुसरा आणि भारतात परतताना ‘एअर सुविधा’वर अपलोड करायचा तिसरा. दुसरी टेस्ट परदेशात, म्हणजे तिथली लॅब इथे बसून आधी शोधून ठेवायची.

आणि सगळं बरोबर करूनही सहल बिघडायची. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या ‘क्वांटम ऑफ द सीज’वर एका वृद्ध प्रवाशाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. जहाज माघारी फिरलं, लोक केबिनमध्ये बंद. पुन्हा तपासलं तर तो प्रवासी निगेटिव्ह! जानेवारी २०२२ मध्ये मुंबई-गोवा क्रूझवर सुमारे दोन हजार जणांची तपासणी झाली, ६६ पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज मुंबईला परत आलं. अशा वेळी गिऱ्हाईक फोन कोणाला करणार? तुम्हालाच. म्हणून बुकिंग घेतानाच लेखी ठरवायचं. पुन्हा टेस्ट करावी लागली तर खर्च कोणाचा? एक जण पॉझिटिव्ह आला आणि बाकीच्यांना जायचं नसेल तर? अनेक क्रूझ कंपन्या तेव्हा पैसे परत किंवा पुढच्या सफरीचं क्रेडिट द्यायच्या, पण विमानाचं तिकीट, व्हिसा फी, आधीच्या रात्रीचं हॉटेल? ते कोण देणार हे लिहिलं नसेल, तर तुमचं कमिशन तर जातंच, वर खिशातले जातात.

नावाचा घोळ तर आपल्याकडे ठरलेला. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं. आधारवर क्रम वेगळा. लॅबच्या फॉर्मवर नुसतं घरातलं नाव. को-विनवर लसीच्या सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडायची सोय जून २०२१ मध्ये आली, ती अनेकांना ठाऊकच नव्हती. लॅबवाल्यासमोर आधार नाही, पासपोर्ट ठेवायचा, एवढं सांगणंही कामाचं होतं. बाकी खोट्या रिपोर्टचं म्हणाल तर तसे प्रकार करणाऱ्यांवर मुंबईतही गुन्हे दाखल झाले. त्या वाटेला जाऊच नका.

हे सगळं कळायचं कुठून? फॉरवर्ड मेसेजमधून नाही. चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी तुमचे कागद ‘टिमॅटिक’ या डेटाबेसवर तपासतो. तो ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेचा आहे. आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरच्या वेबसाइटवर प्रवासाचे नियम तुम्हालाही बघता येतात. त्या देशाच्या सरकारी साइटशी ते ताडून घ्या, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

‘सर, आता कुठे आहेत टेस्ट?’ असं म्हणाल. बरोबर, एअर सुविधाचा फॉर्म नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. पण केनियाची जंगल सफारी विकायला घ्या. परत भारतात उतरताना यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड लागतं, आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस फक्त ठरलेल्या केंद्रांवर मिळते आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो. म्हणजे पुन्हा कॅलेंडर घ्यायचं आणि परतीच्या तारखेपासून मागे मोजायला लागायचं.